ॲपवर सुटतं, पटावर दिसत नाही: माझा उपाय

बुद्धिबळाच्या ॲपवर रोज ५० कोडी सुटायची, पण कोल्हापुरातल्या रॅपिड (कमी वेळाच्या) स्पर्धेत साधा घोड्याचा फोर्क, म्हणजे एकाच चालीत दोन सोंगट्यांवर मारा, निसटायचा. कारण सोपं आहे: कोड्यात ‘इथं काहीतरी आहे’ हे आधीच ठाऊक असतं, पटावर ते कोणी सांगत नाही.

उपाय तालमीतला, एकच डाव घोटायचा. नवी कोडी बंद. निवडक ६०च, पुन्हा पुन्हा. सोंगटीला हात लावण्याआधी शेवटपर्यंत मोजायचं. अंदाजानं बरोबर आलेलं चूकच धरायचं.

घोड्यासाठी घरांचे रंग बघा. काळ्या घरातला घोडा पांढऱ्याच घरांवर मारतो, म्हणून दोन्ही सावजं एकाच रंगावर हवीत. समजा समोरच्याचा राजा ई८ घरात, हत्ती ए८ घरात; दोन्ही घरं पांढरी. सी७वर घोडा पडला की शह बसतो आणि हत्ती जातो. सी७ वजीर राखत असेल तर आधी त्याला हुसकवा.

पिन झालेली सोंगटी (हलली तर मागचा राजा किंवा मोठी सोंगटी उघडी पडते अशी) मारायची घाई नको, प्याद्यानं तिच्यावर आणखी एक मारा आणा.

समोरच्यानं चाल केली की विचारा: बिनराखणीचं काय झालं? मग शह, मारामारी, धमकी याच क्रमानं. प्रत्येक चालीला २० सेकंद दिले तर ४० चालींत १३ मिनिटं उडतात. म्हणून पूर्ण तपासणी राजा उघडा किंवा सोंगटी बेवारस दिसली तरच.