‘प्रभू म्हणतो’ असं कोणी म्हटलं की आधी काय करायचं

आधी लिहून काढा. खरंच, बाकीचं सगळं नंतर. चर्चच्या मीटिंगमध्ये म्युझिक चालू असतं, डोळ्यात पाणी असतं, कोणीतरी डोक्यावर हात ठेवून "प्रभू म्हणतो, माझ्या लेकरा..." असं सुरू करतं (देवाकडून आला म्हणून सांगितलेल्या अशा संदेशाला प्रॉफेसी किंवा नुसतं वर्ड म्हणतात) आणि त्या क्षणी आपण काही तपासायच्या अवस्थेत नसतोच, आणि घरी पोचेपर्यंत आपल्याच मनाने ती वाक्यं घासूनपुसून आपल्याला हवी तशी करून घेतलेली असतात. म्हणून त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात, शब्दशः लिहा (रेकॉर्ड करता आलं तर अजून बरं, आणि रेकॉर्ड करू नका असं कोणी सांगितलं तर तेही लिहून ठेवा), खाली तारीख, कोण बोललं, समोर कोण होतं. मला एकदा 'सहा महिन्यांत दार उघडेल' असा वर्ड मिळाला होता. दोन वर्षांनी नोकरी बदलली तेव्हा मी सगळ्यांना साक्ष देत सुटलो की बघा शब्द पूर्ण झाला, मग एक दिवस जुनी वही सापडली, त्यात सहा महिने असं स्वच्छ लिहिलेलं आणि नोकरीचा तर उल्लेखही नाही. मला दुसऱ्या कोणी फसवलंच नव्हतं, मीच मला फसवलं होतं.

लिहून झालं की त्याचे तुकडे करा. एका प्रॉफेसीत तीन गोष्टी कालवलेल्या असतात: त्या माणसाला काय दिसलं किंवा ऐकू आलं, त्याने त्याचा अर्थ काय लावला, आणि मग तुम्ही काय करायचं म्हणून सांगितलं. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये २१ वाचा, तिथे हे फार छान दिसतं. अगब नावाच्या संदेष्ट्याने प्रेषित पौलाचा कमरबंद घेऊन स्वतःचे हातपाय बांधले आणि सांगितलं की यरुशलेमेत या कमरबंदाच्या मालकाला असंच बांधतील. बस, एवढंच. 'जाऊ नकोस' हे अगब म्हणाला नाही, ते रडत रडत आजूबाजूची प्रेमाची माणसं म्हणाली, आणि पौल तरीही गेला आणि तिथे अटक झाली ती खरीच झाली. म्हणजे दिसलेलं बरोबर असूनसुद्धा त्यावरून दिलेला सल्ला मानलाच पाहिजे असं नसतं. आपल्याकडे गडबड होते ती बहुतेक याच सांध्यावर, कोणाला तरी तुमच्याबद्दल खरंच काहीतरी जाणवतं आणि मग तो त्याला स्वतःच्या डोक्यातलं लग्न, धंदा, घर विकणं जोडून देतो आणि सगळ्यावर 'प्रभू म्हणतो' असा एकच शिक्का मारतो.

मग शास्त्राशी ताडून बघा. हे सगळेच सांगतात पण करतात ते असं की प्रॉफेसीत दोन वचनं आली की झालं, शास्त्राला धरून आहे. तसं नाही. वचन सैतानानेही सांगितलं होतं, अरण्यात, येशूलाच. बघायचं हे की तो संदेश तुम्हाला कोणाकडे नेतोय. अनुवाद या बायबलमधल्या पुस्तकाच्या १३व्या अध्यायात तर असं आहे की संदेष्ट्याने सांगितलेलं चिन्ह घडलं, अगदी खरं ठरलं, आणि तो म्हणाला चला दुसऱ्या देवांच्या मागे जाऊ, तर त्याचं ऐकायचं नाही. खरं ठरूनही नाही! फिलिप्पै शहरातली भविष्य सांगणारी एक दासी पौलाच्या मागे ओरडत होती की ही माणसं परात्पर देवाचे दास आहेत, एक शब्द खोटा नव्हता, तरी पौलाने तिच्यातला भविष्य सांगणारा आत्मा घालवला. त्यामुळे 'अहो पण त्याने माझ्या आजारपणाचं बरोब्बर सांगितलं' हा काही पुरावा नाही.

आणि बरोब्बर सांगण्याबद्दल थोडं. पाचशे माणसं बसलीयेत आणि स्टेजवरून म्हटलं की इथे कोणाचा तरी गुडघा दुखतोय, तर हात वर होणारच, याला खडा टाकून बघणं म्हणतात. नाव, घरातल्यांची नावं, आजार हे तर आजकाल फेसबुकवर मिळतं, नाहीतर तुम्हीच रजिस्ट्रेशन फॉर्ममध्ये किंवा प्रार्थनेच्या चिठ्ठीत लिहून दिलेलं असतं. अमेरिकेत १९८६ मध्ये पीटर पोपॉफ नावाच्या टीव्ही प्रचारकाचं असंच उघडं पडलं, जेम्स रँडी या जादूगाराने आपल्या टीमबरोबर रेडिओ स्कॅनर लावून पकडलं की पोपॉफच्या कानात छोटा रिसीव्हर आहे आणि त्याची बायको चिठ्ठ्यांवरची माहिती त्याला वाचून दाखवतेय. लोक मात्र समजत होते की देव सांगतोय. तेव्हा स्वतःला साधा प्रश्न विचारा, ही गोष्ट त्याला दुसऱ्या कुठल्या मार्गाने कळू शकली असती का? उत्तर हो असेल तर तो लगेच खोटा ठरत नाही, फक्त त्या माहितीला चमत्काराचं वजन द्यायचं नाही.

पैशाचं बघा. दिदाखे नावाची एक फार जुनी पुस्तिका आहे, पहिल्या शतकाच्या शेवटची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची, त्यात फिरत्या संदेष्ट्यांबद्दल असले रोखठोक नियम आहेत की वाचून हसू येतं: आत्म्यात येऊन 'मला पैसे द्या' म्हणाला तर ऐकू नका, आत्म्यात येऊन जेवण मांडायला सांगितलं आणि स्वतःच त्यावर जेवायला बसला तर खोटा. पण गरजू माणसांसाठी द्या म्हणाला तर त्याला दोष लावू नका. हा फरक अगबाच्या बाबतीतही दिसतो, त्याने दुष्काळ पडणार असं सांगितलं (कृत्ये ११) आणि अंत्युखियाच्या शिष्यांनी मदत गोळा केली, ती गेली यहूदीयातल्या बांधवांकडे, अगबाच्या खिशात नाही. आता 'बी पेरा म्हणजे शब्द पूर्ण होईल' (बी म्हणजे बोलणाऱ्याला द्यायची देणगी) हे या मापाने मोजून बघा.

घाईचंही तसंच. 'आजच निर्णय घे, नाहीतर आशीर्वाद दुसऱ्याला जाईल' असं आलं की मी तिथेच थांबतो. 'कोणाला सांगू नकोस' असं आलं तर अजून लवकर थांबतो. पौल करिंथकरांना सांगतो की दोघातिघांनी बोलावं आणि बाकीच्यांनी पारख करावी (१ करिंथ १४:२९), म्हणजे पारख हा उपासनेचाच भाग आहे, बोलणाऱ्याचा अपमान नाही. त्यामुळे वही घेऊन दोनतीन जणांकडे जा, पण तुमच्या बाजूचेच असतील असे निवडू नका. एक तरी असा पाहिजे जो तुम्हाला नाही म्हणू शकतो. आणि डॉक्टरची औषधं बंद करा असं कोणी प्रभूच्या नावाने सांगितलं तर पारखबिरख काही नाही, औषधं चालू ठेवायची आणि चर्चच्या ज्येष्ठ जबाबदार माणसांना लगेच कळवायचं.

प्रश्न विचारले की एक वचन तोंडावर मारलं जातं, 'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका'. स्तोत्र १०५ उघडून मागचं पुढचं वाचा, तिथे विषय अब्राहाम, इसहाक, याकोब यांचा आहे, परदेशात फिरताना देवाने त्यांना राजांपासून कसं सांभाळलं याचा. माइकवरून बोललेल्या माणसाला प्रश्न विचारू नका असा त्याचा अर्थ होत नाही. खरा संदेष्टा पारखीला घाबरत नाही असं मला वाटतं, कारण मीखाया या संदेष्ट्याकडे बघा (१ राजे २२). चारशे संदेष्टे एका सुरात लढाईला निघालेल्या राजाला 'जा, जिंकशील' म्हणताहेत, बोलवायला आलेला माणूस याला सांगतोय की तूही तसंच गोड बोल, आणि हा एकटा उलटं बोलतो, गालावर चपराक खातो, आणि वर सगळ्यांसमोर म्हणतो की राजा सुखरूप परत आला तर परमेश्वर माझ्याद्वारे बोललाच नाही असं समजा. स्वतःचा शब्द खोटा कधी ठरेल हे स्वतःच सांगून ठेवलं! आजच्या किती प्रॉफेसींमध्ये हे सांगितलेलं असतं?

आता तारीख उलटून गेली आणि काही झालं नाही तर काय. अनुवाद १८:२२ सरळ आहे, घडलं नाही तर तो शब्द परमेश्वराचा नव्हता. मान्य, योना संदेष्ट्याने चाळीस दिवसांत निनवे उद्ध्वस्त होईल म्हटलं आणि झालं नाही, पण तिथे अख्खं शहर पश्चात्तापाला बसलं होतं, आणि लोक फिरले तर मीही फिरतो हे यिर्मया १८ मध्ये देवाने आधीच सांगून ठेवलंय. ही सूट प्रत्येक फसलेल्या प्रॉफेसीला वापरायची नाही. खरी ओळख पटते ती चुकल्यानंतर तो माणूस काय करतो त्यावरून. हॅरल्ड कॅम्पिंग या अमेरिकन रेडिओ प्रचारकाने न्यायाच्या दिवसाची २१ मे २०११ ही तारीख दिली होती, तो दिवस आला आणि गेला, तेव्हा म्हणाला की न्याय झाला पण आत्मिक रीतीने झाला, आणि शेवट आता २१ ऑक्टोबरला. तोही दिवस गेला. तोपर्यंत या तारखेच्या जाहिरातींवर स्वतःची पुंजी घातलेली माणसं होती. पुढच्या वर्षी त्याने चूक झाल्याचं जाहीरपणे मान्य केलं हे खरं, पण ते २२ मेलाच केलं असतं तर?

या सगळ्याला कंटाळून काही चर्च प्रॉफेसी हा विषयच बंद करून टाकतात. पौल थेस्सलनीकाकरांना एका दमात दोन्ही सांगतो, संदेशांना तुच्छ मानू नका आणि सगळ्याची पारख करा. यिर्मया संदेष्ट्याचं वागणं मला यात फार आवडतं (यिर्मया २८). हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर म्हणाला दोन वर्षांत बाबेलचं जू (म्हणजे त्या राज्याची सत्ता) मोडेल, यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू काढून मोडूनही टाकलं. यिर्मया काय म्हणाला? आमेन, असं होवो. मग एवढंच म्हणाला की शांतीचा संदेश देणारा खरा की खोटा हे ते घडल्यावर कळेल, आणि वाट धरून निघून गेला. परमेश्वराचा शब्द आल्यावरच परत येऊन सांगितलं की तुला देवाने पाठवलेलं नाही.

आणि बोलणारे तुम्ही स्वतः असाल तर 'प्रभू म्हणतो' ऐवजी 'मला असं वाटतंय, तुम्ही पारखून बघा' असं म्हणायला काही खर्च येत नाही. लग्न, बाळ, मृत्यू, तारखा यांवर बोलायच्या आधी पाळकांशी बोला. तुम्ही दिलेले शब्दही तारखेसकट वहीत लिहा, चुकलेले खोडू नका, आणि चुकलात तर ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोरच सांगा, माइकवर बोलला असाल तर माइकवर.