पंचगंगेचे फूट आणि आपलं रान: पुराआधीची तयारी

39 फूट इशारा, 43 फूट धोका. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचे हे दोन आकडे कोल्हापूर परिसरात पोराटोरांनाही पाठ असतात. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेसाठी तेच आकडे 40 आणि 45 आहेत. पण मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या सखल रानात पाणी शिरायला नदी इशारा पातळीची वाट बघत नाही. उलट, 2019 आणि 2021 साली राजाराम बंधाऱ्याची पातळी 55 फुटांच्या वर गेली, तरी माळावरची रानं कोरडीच होती. म्हणून आपल्या रानाचा आकडा आपणच काढायचा.

नदी पात्राबाहेर पडली की रोजच्या बातमीतली पातळी वहीत टिपा. बांधाला पाणी कधी लागलं, मोटरीपाशी कधी आलं, गोठ्याच्या दारात कधी आलं, एवढ्या तीन नोंदी पुरेत. जुन्या पुरांची खूण भिंतीवर असेल तर ती तेलरंगाने पक्की करून घ्या. शिरोळ तालुक्यातल्यांनी मात्र एकट्या राजाराम बंधाऱ्यावर हिशेब करू नये. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा भरलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. कोल्हापुरात पाणी उतरू लागलं तरी शिरोळकडे ते चढतच असतं आणि नंतर दिवसचे दिवस हटत नाही. तिथे तेरवाड, शिरोळ, राजापूर या जवळच्या बंधाऱ्यांची पातळी पाहावी.

पातळीइतकंच महत्त्व चढण्याच्या वेगाला आहे. इशारा आणि धोका यांत फक्त 4 फुटांचं अंतर. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती या पंचगंगेला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांच्या खोऱ्यांत एकाच वेळी पाऊस लागला, तर हे अंतर तोडायला फार वेळ लागत नाही. राधानगरी धरण भरलं की त्याचे 7 स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि एकेका दरवाजातून सुमारे 1428 क्युसेक पाणी सुटतं. दरवाजे उघडल्याची बातमी आली आणि घाटमाथ्यावर पाऊस चालूच असेल, तर रात्री उठून पातळी बघण्यापेक्षा संध्याकाळीच मोटर वर काढलेली बरी. स्टार्टरची पेटीही सोडवून घ्या. पाण्यात उभं राहून मात्र काही सोडवायला जाऊ नका. आधी महावितरणला कळवून वीज बंद करून घ्या.

जनावरं इशारा पातळीलाच हलवावीत. धोका पातळीची वाट पाहिली तर बऱ्याच गावांचे रस्ते तोवर बंद होतात. रेडेडोह फुटल्यावर, म्हणजे तिथे नदीचं पाणी पात्र सोडून रस्त्यावर आल्यावर, आंबेवाडी-चिखलीकडच्या माणसाला म्हशी घेऊन कुठे निघता येतं? पै-पाहुण्यांचं उंचावरचं गाव आधीच ठरवून ठेवा. घटसर्प आणि फऱ्याची लस राहिली असेल तर आजच टोचून घ्या, कडबाकुट्टीची पोती माळ्यावर टाका. पूर ओसरल्यावर गाळ बसलेला हिरवा चारा आणि उसाचं वाडं (शेंड्याचा पाला) जनावरांपुढे टाकू नका. पोट बिघडून जनावर हातचं जातं.

आता उसाकडे. उसाचा शेंडा पाण्याबाहेर असेल आणि पाणी वाहतं असेल, तर ऊस बरेच दिवस तग धरतो. शेंड्याच्या सुरळीत गाळ बसला की मात्र पोंगा (शेंड्याचा कोवळा गाभा) कुजतो, मग कांडीवरचे डोळे फुटतात, मुळ्या सुटतात आणि वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घसरतात. पाणी उतरताच चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढा. वाफसा येईपर्यंत, म्हणजे रान कामाजोगं सुकेपर्यंत, खत टाकू नका, ते वायाच जातं. पोंगा ओढून पाहा: सहज हातात आला आणि वास मारत असेल तर तो ऊस वाढणार नाही. कारखान्याच्या गट कार्यालयात बुडीत उसाची नोंद द्या म्हणजे तोड लवकर मागता येईल. या उसाचं बेणं धरू नका, शेजारी फुकट देत असला तरी.

उसाची आडसाली (पावसाळ्यातली) लागण दरवर्षी बुडणाऱ्या मळीत जुलैमध्ये उरकण्याची घाई मला पटत नाही. कोवळा कोंब दोन-तीन दिवस गाळाखाली राहिला की बेणं, मजुरी आणि बेसल डोस (लागणीचं पहिलं खत) सगळंच गेलं. अशा रानात पूर्वहंगामी लागण, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढची, धरावी. मळीत सोयाबीन घेतलं असेल तर तीन-चार दिवस पूर्ण बुडाल्यावर ते वाचवण्यावर खर्च करू नका. वाफसा आला की रब्बीची तयारी करा.

कागदांचं काम पुराआधीच उरका. ई-पीक पाहणी (मोबाईलवरून पिकाची सरकारी नोंद) सुरू होताच नोंद करा. सातबाऱ्यावर पीकच नसेल तर पंचनाम्यात अडचण येते. पाणी उभं असताना आणि उतरल्यावर, दोन्ही वेळचे फोटो काढा, त्यात बांध किंवा विहीर अशी ओळखीची खूण दिसू द्या. नुकसान तलाठी आणि कृषी सहायकांना लेखी कळवून पोच घ्या. विमा उतरवला असेल तर नुकसान कळवण्याची मुदत यंदाच्या नियमांत किती आहे, ते भरणा पावती हातात पडेल तेव्हाच विचारून पावतीच्या मागे लिहून ठेवा.