संघटित कॅम्पेनमध्ये कोणत्या जादुई वस्तू चालू द्यायच्या, हे कसं ठरवावं

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, पात्र घेऊन खेळायच्या खेळात घरच्या टेबलावर एखादी जादुई वस्तू डोईजड झाली, तर डीएम (खेळ चालवणारा) पुढच्या सेशनला ती चोरीला घालवतो किंवा तिच्या तोडीचा राक्षस उभा करतो. संघटित कॅम्पेनमध्ये, म्हणजे एकाच मोहिमेची अनेक टेबलं वेगवेगळे डीएम चालवतात तिथे, ती सोय नाही. तिथे कॅरेक्टर (खेळाडूचं पात्र) आज एका टेबलावर असतं, उद्या दुसऱ्या, आणि दुसऱ्या टेबलाच्या डीएमला त्याच्या झोळीत काय आहे याची कल्पनाही नसते. म्हणून वस्तू मालकाला काय देते हे नंतर बघा. अनोळखी टेबलावर गेल्यावर ती तिथल्या खेळाचं काय करते, हे आधी बघा. खालची उदाहरणं डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतली, २०१४च्या नियमांची आहेत. सिस्टिम दुसरी असली तरी पद्धत हीच ठेवता येते.

१. एकच यादी करू नका

लेव्हलचे गट पाडा: १ ते ४, ५ ते १०, ११ ते १६, १७ ते २०. प्रत्येक गटाची यादी वेगळी. सुरुवातीची चाळणी म्हणून वस्तूची दुर्मिळता ठीक आहे, पण तिच्यावर विसंबू नका. ब्रूम ऑफ फ्लाइंग घ्या. नियमांत ती ‘अनकॉमन’ आहे, म्हणजे खालून दुसऱ्याच पायरीवर. अट्यूनमेंट (वस्तूशी आधी जुळवून घेणं) लागत नाही आणि वेग एका पाळीत ५० फूट.

मी एकदा पहिल्या लेव्हलचं टेबल चालवत होते. दरी, दोरीचा पूल, पलीकडे लांडग्यांचा कळप. एक खेळाडू झाडूवर बसून चाळीस फूट वर गेला आणि धनुष्य काढलं. लांडगे खाली गोल फिरत राहिले आणि बाकीचे चौघे आपली पाळी कधी येते याची वाट बघत बसले. पाळी यायची, पण करण्यासारखं काही उरलेलं नसायचं. त्या मुलाची काहीच चूक नव्हती. वस्तू यादीत होती. चूक यादीची होती. तेव्हापासून पाचव्या लेव्हलच्या आत उडण्याची कोणतीही वस्तू मी ठेवत नाही. पाचव्या लेव्हलला विझार्डला (जादूगार पात्राला) फ्लाय हा उडण्याचा मंत्र मिळूच शकतो, आणि त्या गटाची साहसं उडणारं कॅरेक्टर गृहीत धरूनच लिहायला हवीत.

२. +१ ची बेरीज कागदावर मांडा

वस्तूने आकड्यात घातलेली एकाची भर, म्हणजे +१, एकेकटी निरुपद्रवी दिसते. पण प्लेट आर्मर आणि ढाल घेतलेल्या फायटरचा (लढवय्या पात्राचा) एसी, म्हणजे वार लागायला गाठावा लागणारा आकडा, मुळातच २० असतो. ऑर्क या राक्षसाला कुऱ्हाडीवर +५ मिळतो, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १५ किंवा जास्त पडले तरच वार लागतो: विसात सहा वेळा. आता त्याच फायटरला +१ ढाल, क्लोक ऑफ प्रोटेक्शन आणि रिंग ऑफ प्रोटेक्शन द्या. एसी २३. ऑर्कला १८ लागतात: विसात तीन वेळा. तीन साध्या वस्तूंनी लागणारे वार निम्म्यावर आले. मग हताश डीएम राक्षसांची ताकद वाढवतो आणि त्याच टेबलावरचा १४ एसीचा रोग (चोरट्या चालीचं, ‘rogue’ पात्र) पहिल्या फेरीत आडवा होतो.

म्हणून एसी वाढवणाऱ्या वस्तूंसाठी स्वतंत्र मर्यादा घाला. पहिल्या गटात अशी एकच, दुसऱ्या गटात दोन, एवढं माझ्या अनुभवाला पुरेसं वाटतं. शस्त्राच्या +१ बाबत मी सैल असते, कारण त्याने लढाई लवकर संपते आणि वेळ वाचतो.

३. चार्ज मोजताना सेशनची लांबी धरा

वाँड ऑफ फायरबॉल्स या आगीचे गोळे फेकणाऱ्या छडीत ७ चार्ज, म्हणजे वापराच्या खेपा, असतात आणि पहाटे काही परत येतात. मोठ्या मोहिमेत हा हिशोब बरोबर आहे, कारण चार्ज पुरवून वापरावे लागतात. पण चार तासांचं साहस बहुधा एकाच दिवसात घडतं, आणि पुढच्या सेशनला वाँड बहुतेक वेळा पुन्हा भरलेली असते. पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे तिसऱ्या पातळीचे, म्हणजे फायरबॉल टाकायला लागणारे, स्लॉट (मंत्र टाकायच्या संधी) दोनच असतात. त्याच्या शेजारी सात फायरबॉल घेऊन कोणी बसलं, तर विझार्डने करायचं काय? अशा वस्तू तिसऱ्या गटापासून द्या, किंवा प्रत्येक सेशनला किती चार्ज वापरता येतील ते यादीतच लिहा.

४. अर्ध्या मिनिटाची कसोटी

वस्तूचं वर्णन एका चिठ्ठीवर लिहा आणि तिच्याशी ओळख नसलेल्या डीएमच्या हातात द्या. अर्ध्या मिनिटात वाचून तो ती चालवू शकला, तर वस्तू पास. “हे मी कसं धरू?” असं विचारलं, तर बाजूला ठेवा. विश हा हवं ते मागायचा मंत्र देणारी प्रत्येक वस्तू इथे गळते. डेक ऑफ मेनी थिंग्ज हा जादुई पत्त्यांचा जोडही. त्यातलं थ्रोन हे कार्ड ओढणाऱ्याला एका छोट्या गढीची मालकी देतं, पण ती राक्षसांच्या ताब्यात असते. ती सोडवायला पुढच्या टेबलावर कोण थांबणार? टॅलन्स कार्ड तर ओढणाऱ्याच्या अंगावरच्या आणि सोबतच्या सगळ्या जादुई वस्तू नष्ट करतं, म्हणजे महिनोन्‌महिने जमवलेलं एका कार्डात जातं. बोलणाऱ्या, स्वतःची इच्छा असलेल्या तलवारीही नकोत: तिचा आवाज दर टेबलाला बदलतो आणि खेळाडूला ते खटकतं.

५. कल्पना सुचवणाऱ्या वस्तू मोकळ्या हाताने द्या

इम्मूव्हेबल रॉड म्हणजे बटण दाबलं की हवेत घट्ट थांबणारी, ८,००० पौंड पेलणारी लोखंडी दांडी. तिच्याने दार अडवता येतं, कड्यावरून लटकता येतं, बंद होणारी भिंत रोखता येते. बॅग ऑफ होल्डिंग ही आतून मोठी असलेली पिशवीही अशीच. लढाईचे आकडे या वस्तू हलवत नाहीत आणि टेबलावरचे सगळे मिळून त्यांचा उपयोग शोधतात. पोशनबद्दल (जादुई काढ्यांबद्दल) फार विचार करू नका. वापरलं की संपलं.

६. वाटप आणि नोंद

अट्यूनमेंटची तीनची मर्यादा नियमांतच आहे, पण ती सगळ्या वस्तूंना लागत नाही, म्हणून एकूण संख्येलाही गटवार मर्यादा हवी. टेबलावर एकच वस्तू निघाली, तर ज्याच्याकडे कायमच्या वस्तू सर्वात कमी त्याला ती द्या. बरोबरी झाली तर फासा टाका. अ‍ॅडव्हेंचरर्स लीग या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या अधिकृत संघटित कॅम्पेनच्या सुरुवातीच्या सीझनमध्ये हीच रीत होती आणि मला ती अजूनही सर्वात न्याय्य वाटते. नोंदीत वस्तू, साहसाचं नाव, तारीख आणि डीएमची सही असू द्या. सेशन सुरू होण्याआधी प्रत्येक डीएमने ही नोंद पाहावी; दोन मिनिटं लागतात.

७. यादी बदलताना

पहिली यादी चुकणारच. कोणती वस्तू कुठे अडली हे डीएमकडून लिहून घ्या आणि ठरलेल्या अंतराने बदल करा, मधेच नको. एखादी वस्तू काढणार असाल, तर तारीख आधी जाहीर करा आणि ज्या खेळाडूकडे ती आहे त्याला त्याच दुर्मिळतेची दुसरी वस्तू निवडू द्या. चालू सेशनमध्ये, सगळ्यांसमोर, कोणाच्याही हातातून वस्तू काढून घेऊ नका. त्या दिवशी ती चालवा आणि सेशन संपल्यावर खेळाडूशी बाजूला बसून बोला.