डोडो घडवायला घेताय? आधी महिना ठरवा

मॉरिशसच्या नामशेष, न उडणाऱ्या डोडो पक्ष्याचं चित्र किंवा शिल्प करायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे रूलांट साव्हरी या चित्रकाराचं 1626च्या सुमाराचं चित्र येतं: ढेरपोट्या, बुटका, पोट जमिनीला टेकेल की काय असा पक्षी. नंतरच्या कित्येक चित्रांनी त्याचीच नक्कल केली. ते बाजूला ठेवा. समोर ठेवायची ती दोन चित्रं वेगळी. एक, ‘गेल्डरलांड’ या डच जहाजाच्या 1601 ते 1603च्या रोजनिशीतली रेखाटनं, जी खुद्द मॉरिशसला गेलेल्यांनी केलेली आहेत. दुसरं, जहांगिराच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरच्या नावावर असलेलं 1625च्या आसपासचं चित्र. त्यातला डोडो सडपातळ आणि तपकिरी आहे. त्याच चित्रातले पट्टकादंब या रानहंसासारखे पक्षी इतके नेमके उतरलेत की डोडोबाबतही त्या हातावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

मापं हाडांवरूनच घ्या. एतिएन तिरिऊ या हौशी संग्राहकाने 1904च्या सुमारास शोधलेला, एकाच पक्ष्याचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मॉरिशसमधल्या पोर्ट लुईच्या संग्रहालयात आहे, आणि त्याचं त्रिमितीय स्कॅनिंग करून केलेला अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. इतर बहुतेक सांगाडे मॉरिशसमधल्याच मार ओ साँजच्या दलदलीत 1865पासून सापडलेली, अनेक पक्ष्यांची हाडं जुळवून उभे केलेले आहेत, त्यामुळे त्यांच्यावरून प्रमाण काढलं तर फसगत होते. पूर्ण आकारासाठी उभी उंची 65 ते 75 सें.मी. धरा, चोच 23 सें.मी.पर्यंत. वजनाचे बहुतेक आधुनिक अंदाज 10 ते 18 किलोंच्या दरम्यान आहेत. नर मादीपेक्षा मोठा, त्याची चोचही प्रमाणात लांब.

अर्ध्या मापाचं शिल्प असेल तर 35 सें.मी. उंचीचा तारेचा सांगाडा करा, धडासाठी थर्माकोलचा गाभा आणि वरून मातीचा थर. चोच भरीव केली तर शिल्प हमखास नाकावर पडतं. ती कागदाच्या लगद्याची, पोकळ ठेवा. तरीही तोल जात असेल तर पायांची जागा तपासा, कारण पावलं धडाच्या मध्याखाली यायला हवीत. सगळ्यांत जास्त चुका पायातच होतात. बाहेर दिसणारा, मागे वाकणारा सांधा हा घोटा आहे. खरा गुडघा पिसांखाली पुढच्या बाजूला असतो. पायाची हाडं दणकट, नडगी सर्वांत लांब, तीन बोटं पुढे, एक मागे, बोटांमध्ये पडदा नाही. हा पक्षी चालणारा होता, डुलत रांगणारा नव्हे.

छातीला कबुतरासारखा फुगीर उठाव देऊ नका. डोडो कबुतराच्याच कुळातला (आजचा सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे निकोबार कबूतर), पण उडणं सुटल्यावर उरोस्थीवरचा (छातीच्या हाडावरचा) कंगोरा खुरटला आणि त्याला चिकटणारे उड्डाणाचे स्नायूही आटले. पंख छोटेसेच दाखवा. 1598च्या डच वर्णनात पंखांच्या जागी तीन-चार काळपट पिसं आणि शेपटीला थोडी मऊ, वळलेली राखी पिसं आहेत.

चेहरा उघडा, राखाडी कातडीचा. पिसं डोळ्यांच्या मागून टोपडं घातल्यासारखी सुरू होतात. चोचीच्या मुळाकडे सुरकुत्यांची कातडी, टोकाला कठीण आकडा. कातडीचा पोत पाहायचा तर ऑक्सफर्डच्या संग्रहालयातलं डोडोचं डोकं पाहा. डोडोच्या मऊ ऊती फक्त तिथेच उरल्या आहेत.

आता महिना. डोडोचा रंग काळा, राखी की तपकिरी, अंगावर पिसं की नुसती लव, यावर जुनी वर्णनं एकमेकांशी भांडतात. 2017मध्ये हाडांचे पातळ छेद तपासल्यावर याचं पटणारं उत्तर मिळालं. अंडी घालण्याचा काळ ऑगस्टच्या आसपास. पिल्लं झपाट्याने वाढत, कारण नोव्हेंबर ते मार्च चक्रीवादळांचा आणि अन्नटंचाईचा हंगाम. तो संपला की मार्चच्या सुमारास मोठे पक्षी पिसं टाकत. म्हणजे ऑगस्टचा डोडो करायचा तर दाट, नवी राखी पिसं द्या. एप्रिलचा करायचा तर विरळ पिसं आणि मधून डोकावणारी लव. दोन्हींची सरमिसळ केली की पक्षी कुठल्याच ऋतूतला राहत नाही.

देखाव्यात डच येण्याआधीचं, म्हणजे 1598पूर्वीचं साल असेल तर आबनूस, ताड आणि महाकाय कासवं पुरेत. ऊस आणि हरणं 1639ची, ती नकोत. नाशाचा प्रसंग दाखवायचा तर काठ्या घेतलेले खलाशी मध्यभागी ठेवू नका. शिकार झाली, पण बेटावरची डच वस्ती लहानच होती आणि त्यांच्या किल्ल्याच्या उकिरड्यात डोडोची हाडं मिळालेली नाहीत. जमिनीवरचं घरटं, त्यात एकच अंडं, भोवती डुक्कर, उंदीर, माकड. वाढ कितीही वेगाने होवो, वर्षाला एकाच अंड्याच्या हिशेबाने ही गळती भरून येणं शक्य नव्हतं.

नावाच्या पाटीवर शास्त्रीय नाव घालून ‘राफस कुकुलाटस, मॉरिशस’ लिहा. ‘शेवटची नोंद 1662’ हे चालेल, ‘नामशेष 1662’ नको. नोंदींमधल्या अंतरांवरून काढलेला संख्याशास्त्रीय अंदाज 1690पर्यंत जातो. 1662नंतरच्या ‘डोडो’ उल्लेखांवर मात्र शरीराचा तपशील बेतू नका. तोवर हेच नाव लाल रेल या दुसऱ्याच न उडणाऱ्या पक्ष्याला चिकटू लागलं होतं.