गरम गाडी, ओलं फडकं

सकाळी माझी जुनी कार्बोरेटरवाली गाडी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू व्हायची. पण मे महिन्यात, ४५ अंशांत, नागपुरात सीताबर्डीवर दहा मिनिटं गाडी बंद करून थांबलो की संपलं. सेल्फ जोरात फिरायचा, इंजिन काही पकडत नसे. मेकॅनिक म्हणाला, "भाऊ, कॉइल गेली." म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग. बदलली. फरक शून्य, पैसे गेले ते गेलेच!

मग गाडी गरम असतानाच प्लग काढला. ठिणगी निळी, म्हणजे वीज ठीक; पण प्लग कोरडा. म्हणजे पेट्रोलच पोचत नव्हतं. इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या गाडीतल्या पंपावर ओलं फडकं ठेवलं, पाच मिनिटांत इंजिन सुरू. पाइपातच पेट्रोलची वाफ होत होती. वाकून पाहिलं तर पाइप एक्झॉस्टला जवळजवळ टेकलेला, क्लिपच नव्हती. नवी क्लिप लावून तो दूर बांधला.

प्लग ओला निघाला असता तर दुखणं उलटं, पेट्रोल जास्त. तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा.