आधी रॉडवरचे आकडे वाचा: बासच्या मासेमारीत या चुका टाळा

बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशासाठी नवा रॉड हातात आला की माणूस तो वाकवून बघतो, मूठ धरून बघतो, रंग बघतो. मुठीच्या वर बारीक अक्षरांत छापलेली ओळ मात्र वाचत नाही. हा रॉड किती वजनाचं लुअर, म्हणजे बनावट आमिष, फेकण्यासाठी बनवला आहे आणि त्याला किती पौंडांची लाइन, म्हणजे दोर, चालते, हे दोन्ही तिथेच लिहिलेलं असतं. "रील खराब आहे" म्हणून माझ्याकडे आणलेलं रील क्वचितच खराब निघालं आहे. बहुतेक वेळा रॉडवरची ओळ एक सांगत असते आणि लाइनच्या टोकाला बांधलेलं असतं भलतंच.

हलकं लुअर आणि ताठ रॉड

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. एकदा माझ्याबरोबर एक तरुण आला होता. साडेसात फुटांचा हेवी रॉड, त्यावर बेटकास्टिंग रील, रीलवर ५० पौंडांची ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन. पाण्यावर पसरलेल्या दाट वनस्पतीवर बेडकाचं लुअर टाकायला हा संच उत्तम. त्यानं बांधली होती साडेतीन ग्रॅमची, म्हणजे एक अष्टमांश औंसाची जिग, डोक्यापाशी वजन असलेला गळ. रॉडवर लिहिलेलं होतं एक ते दोन औंस.

पहिल्याच फेकीत जिग दहा हात गेली आणि स्पूलवर, म्हणजे रीलच्या लाइन गुंडाळलेल्या चाकावर, लाइनचा गोळा झाला. त्यानं तो सोडवला, अजून जोर लावून फेकलं, आणखी मोठा गोळा झाला. मग ब्रेक पूर्ण वाढवला. गुंता थांबला, पण जिग पायाशीच पडायला लागली. सकाळचे दोन तास असे गेले. तेवढ्या वेळात काठालगत खात असलेले बास खोल पाण्यात निघून गेले. मी त्याच्या हातात माझा मीडियम स्पिनिंग रॉड दिला, तीच जिग बांधली आणि ती अलगद तीसेक हात लांब जाऊन पडली. त्याच्या हातात काही दोष नव्हता.

फेकताना लुअरच्या वजनानं रॉड मागे वाकतो आणि सरळ होताना लुअरला पुढे ढकलतो. लुअर हलकं असेल तर ताठ रॉड वाकतच नाही, सगळा जोर मनगटालाच लावावा लागतो. बेटकास्टिंग रीलचं स्पूल लाइन सोडताना स्वतः फिरतं. हिसक्यानं ते जोरात फिरायला लागतं, पण हलकं लुअर तेवढ्या वेगानं लाइन ओढून नेऊ शकत नाही. जास्तीची लाइन स्पूलवरच उसळते आणि गुंतते. स्पिनिंग रीलचं स्पूल स्थिर असतं, लाइन त्याच्यावरून वेटोळ्यांनी निसटते, म्हणून हलकं लुअर तिथे निभावून जातं. माझ्याकडे ७ ग्रॅमच्या, म्हणजे पाव औंसाच्या आतलं सगळं स्पिनिंगवर जातं. हलकी लुअर फेकणारी बेटकास्टिंग रीलं मिळतात, पण नवशिक्यानं तिथून सुरुवात करू नये.

जाड रॉड घेण्यामागे भीती एकच असते: मोठा मासा लागला तर? सर्वात वजनदार लार्जमाउथ बासचा जागतिक विक्रम १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरी यांनी केला आणि २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. दोन्ही मासे २२ पौंडांच्या जरासे वर, म्हणजे साधारण १० किलोंचे. आपल्या गळाला लागणारा बास बहुधा एक-दोन किलोंचा असतो. ५० पौंडांची लाइन लागते ती मासा ज्या वनस्पतींत घुसतो त्यांच्यातून त्याला ओढून काढण्यासाठी. मोकळ्या पाण्यात तिचा काही उपयोग नाही.

एक सवय मात्र लावून घ्या. लुअर छोट्या डिजिटल काट्यावर तोला आणि वजन डबीवर लिहून ठेवा. जिगवर छापलेलं वजन फक्त तिच्या डोक्याचं असतं, मागे लावलेला रबरी ट्रेलर त्यात धरलेला नसतो. उलट पाच इंची जाड रबरी किड्याला वेगळं वजन लावलेलं नसलं, तरी तो एकटाच १० ग्रॅमच्या आसपास भरतो.

क्रँकबेटला ब्रेड आणि ताठ रॉड

ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिची किंमत मला अजून आठवते. एका संध्याकाळी क्रँकबेटला, म्हणजे ओढलं की पाण्यात खाली जाणाऱ्या माशाच्या आकाराच्या लुअरला, लागोपाठ चार बास लागले आणि चारही काठाजवळ येऊन सुटले. चौथा मोठा होता, त्यानं पाण्याबाहेर तोंड काढून डोकं झटकलं आणि लुअर माझ्याकडे उडून आलं. गळ बोथट झाले असतील असं वाटून मी तीन टोकांचे नवे गळ लावले. दुसऱ्या दिवशी परत तेच. रॉड होता मीडियम हेवी, फास्ट ॲक्शनचा, म्हणजे फक्त टोकाला वाकणारा, आणि लाइन ३० पौंडांची ब्रेड. जिगसाठी चांगला असलेला हाच संच इथे अगदी चुकीचा होता.

क्रँकबेटचे गळ बारीक असतात आणि ओठाच्या पातळ कातडीत जेमतेम रुततात. ब्रेड जवळजवळ ताणतच नाही. वर रॉड ताठ असला की माशाचा प्रत्येक झटका थेट गळापर्यंत पोचतो, भोक मोठं होत जातं आणि गळ निसटतो. जिगचा एकच जाड गळ मात्र जबड्यात घुसवायला असाच जोराचा हिसका लागतो. क्रँकबेटसाठी रॉड मॉडरेट ॲक्शनचा हवा, म्हणजे टोकापासून मध्यापर्यंत वाकणारा. लाइन १० ते १२ पौंडांची फ्लोरोकार्बन. ती थोडी ताणली जाते, पाण्यात बुडते आणि बारीक असल्यानं लुअर खोलवर जातं. जाड लाइन पाण्यात अडते आणि तेच लुअर वरच राहतं. रील ५:१ च्या आसपासचं, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल पाच फेरे घेणारं. खोल जाणारं क्रँकबेट ७:१ च्या रीलवर ओढून बघा, अर्ध्या तासात मनगट सांगेल. संच बदलल्यावरही मासे सुटतात, पण लागोपाठ चार सुटण्याची वेळ माझ्यावर पुन्हा आली नाही.

लाइनच्या चुका

पाण्यावर चालणाऱ्या लुअरला फ्लोरोकार्बन बांधू नका. बुडणारी लाइन लुअरचं नाक खाली ओढते. तिथे नायलॉन, म्हणजे आपला तंगूस, किंवा ब्रेड.

ब्रेड गुळगुळीत स्पूलवर थेट गुंडाळू नका. मासा लागला की सगळी लाइनच स्पूलवर घसरते आणि माणूस ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तशी लाइन सोडणारा रीलचा ब्रेक, आवळत बसतो. खाली नायलॉनचे काही वेढे द्या.

स्पिनिंगचं स्पूल काठोकाठ भरू नका. कडेपासून तीनेक मिलिमीटर मोकळे ठेवा. पैसे वाया जायला नकोत म्हणून अख्खी गुंडी भरणाऱ्यांची लाइन वेटोळी होऊन पहिल्या कडीत अडकते. फेक झाल्यावर बेल, म्हणजे स्पूलवरची तारेची कमान, हातानं बंद करा, हँडल फिरवून नाही. लाइनला पीळ कमी पडतो.

गाठ ओली करून मगच आवळा. कोरडी आवळली तर घर्षणानं लाइन तिथेच कमजोर होते आणि फ्लोरोकार्बनला हे सर्वात जास्त बाधतं. ब्रेडला मी पालोमार गाठच मारतो. क्लिंच तिच्यावर सरकते.

घाईचे दोन प्रकार

लुअर बदललं की बेटकास्टिंग रीलचा टेन्शन नॉब, म्हणजे स्पूल किती सैल फिरेल ते ठरवणारी खुंटी, पुन्हा लावायचा असतो. स्पूल मोकळं करणारं बटण दाबा, लुअर सावकाश खाली उतरलं पाहिजे आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबलं पाहिजे. दहा सेकंदांचं काम आहे. एवढा धीर नसलेले लोक पुढचा अर्धा तास गुंता सोडवतात, आणि हे मला दर वेळी बघवत नाही.

लुअर बुडालेल्या फांदीत अडकलं की रॉड उभा धरून हिसके देणं हा दुसरा प्रकार. रॉड मोडतात ते बहुतेक असेच, विशेषतः मीडियम रॉडवर जाड ब्रेड भरलेली असली की, कारण तुटायची पाळी लाइनच्या आधी रॉडवर येते. रॉडचं टोक थेट अडकलेल्या जागेकडे करा, लाइन एखाद्या जाड काठीला गुंडाळा आणि मागे चालत जा. नुसत्या हाताला ब्रेड कधी गुंडाळू नका. ती बोट कापते.