‘बायल्या’ला उत्तर देताना ‘भैय्या’ नको

ऑगस्टात मासेमारीची बंदी उठली की कोकणात मिरकरवाड्यापासून हर्णैपर्यंत बंदरं भरून जातात. होड्यांवर नेपाळ, कर्नाटक, उत्तर प्रदेशातले खलाशी असतात, आणि थोड्याच महिन्यांत आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी माणसं येतात. अशा गावात एखाद्या मुलाला ‘बायल्या’ म्हणून अडवलं, मारलं, त्याचा मोबाइल घेतला, की बोलणं दोनपैकी एका वाटेने जातं. मालवणकडे ऐकू येईल, “ही भायरची माणसां इल्यापासून गाव बिघडलो.” म्हणजे समलिंगीपणाच एसटीतून उतरला. दुसरी वाट बरी वाटते, कारण ती मार खाल्लेल्या मुलाच्या बाजूची असते: “आपली पोरं असं करायची नाहीत, हे भैय्यांचंच काम.” या दुसऱ्या वाक्याने जास्त नुकसान होतं. तक्रारीत ‘अज्ञात परप्रांतीय’ एवढंच गेलं की पोलीस जेटीवरून तीस जण उचलतात आणि त्यातले एकोणतीस निर्दोष असतात. मारणारा गावातलाच असेल तर तो घरी भाकरी खात बसलेला असतो. शिवाय रात्री होडीवर झोपणारा खलाशी हाच अनेकदा एकमेव साक्षीदार असतो, आणि उचलाउचलीनंतर तो तोंड उघडत नाही.

आधी त्या माणसाला विचारा

मदतीला गेलेल्याने पहिला प्रश्न ‘कोणी केलं?’ हा विचारू नये. तीन गोष्टी विचाराव्यात: आता कुठे सुरक्षित वाटतंय, कोणाला कळलेलं चालेल, तक्रार करायची आहे का. वाडीत बातमी तिठ्यापर्यंत पोचायला दहा मिनिटं पुरतात, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत आईवडील, सरपंच, मंडळाचा अध्यक्ष, कोणालाही काही सांगायचं नाही. ‘घरच्यांना विश्वासात घेऊया’ हा सल्ला चांगल्या मनाने दिला जातो आणि त्यातूनच पोराला घर सोडावं लागतं. तो समलिंगी आहे की नाही, हे विचारायची गरज कुठेच पडत नाही. मारहाण ही मारहाण आहे, मग मारणाऱ्याचा अंदाज बरोबर असो वा चूक.

मार लागला असेल तर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना एमएलसी (पोलीस केससाठीची वैद्यकीय) नोंद करायला सांगा. मुका मार दुसऱ्या दिवशी जास्त दिसतो, म्हणून चोवीस तासांनी पुन्हा फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून. मन फारच खचलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं. ‘हे बरं करून देतो’ म्हणणारा डॉक्टर भेटला तर उठून या. समलिंगी आकर्षणाला जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच आजारांच्या यादीतून काढलं, आणि ते बदलायचे तथाकथित उपचार करणं हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं.

टिपण: जे दिसलं आणि ऐकलं तेवढंच

सगळी गडबड इथेच होते, म्हणून जरा थांबून. झोपायच्या आत कागदावर लिहा. टिपण असं असावं:

‘१२ ऑक्टोबर, रात्री ८.४०. बर्फाच्या कारखान्याकडून चहाच्या टपरीकडे येणारी वाट. तिघे. एकाच्या अंगात निळा रेनकोट, एकाला बाकीचे पप्या म्हणत होते. रेनकोटवाला म्हणाला, “ए बायल्या, इकडे ये.” पुढे दोघे आडवे उभे राहिले, मला जाऊ दिलं नाही. उजवा दंड धरून ढकललं. टपरीचा दिवा चालू होता. होडीवरून दोघांनी पाहिलं.’

आता हेच एरवी कसं लिहिलं जातं बघा: ‘रात्री काही परप्रांतीय तरुणांनी माझ्याशी गैरवर्तन केले.’ रेनकोट गेला, पप्या गेला, दिवा गेला, साक्षीदार गेले. उरला तो फक्त ‘परप्रांतीय’, आणि तो डोळ्यांना दिसलेला नव्हताच. ‘हिंदीत बोलला’ हे ऐकलेलं असतं. ‘भैय्या होता’ हा अंदाज असतो. पोरं टवाळी करताना सिनेमातल्या हिंदीत शिरतात हे कोणत्याही नाक्यावर ऐकायला मिळतं, त्यामुळे भाषेवरून मुलूख काढायचा नाही. हिंदीत शिवी दिली असेल तर ती शिवी जशीच्या तशी हिंदीत लिहा. आरोपी खरोखरच खलाशी असेल तर होडीचं नाव, रंग, नोंदणी क्रमांक लिहा. त्याने माणूस सापडतो. ‘नेपाळी’ लिहून जेटीवरचा प्रत्येक नेपाळी सापडतो.

व्हॉट्सॲपवरच्या धमकीचा नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. नंबर, तारीख, वेळ दिसेल असा घ्या, चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा आणि मूळ मेसेज फोनवरून पुसू नका. कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं आणि त्या वेळी मूळ फोनच मागतात. स्क्रीनशॉट गावच्या ग्रुपवर टाकायचा मोह आवरा. त्यात त्या मुलाचं नाव असतं.

पोलीस ठाण्यात कोणता शब्द उपयोगी पडतो

६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने दोन सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून बाहेर काढलं. ठाण्यात ‘तूच काय करत होतास ते सांग’ असा सूर लागला तर एवढं एकच वाक्य सांगा, वाद घालू नका.

तक्रार दोन प्रतींत न्या आणि एकीवर पोच घ्या. कोणतं कलम लागतं ते घटनेवर ठरतं, पण तुमच्या जबाबात ती घटना स्पष्ट आलेली असावी लागते. भारतीय न्याय संहितेत साधी दुखापत ११५(२), धमकी ३५१(२), अपमानाची शिवीगाळ ३५२. ही तिन्ही अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत, नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) करून तुम्हाला घरी पाठवलं जातं. वाट अडवली असेल तर कलम १२६(२) लागतं आणि ते दखलपात्र आहे. म्हणूनच वरच्या टिपणात ‘आडवे उभे राहिले, जाऊ दिलं नाही’ हे शब्द आहेत. लोक नेमकं तेच सांगायचं विसरतात, कारण शिवी जास्त लागलेली असते. मोबाइल हिसकावला तर ३०४, डेटिंग ॲपवर बोलावून ‘घरी सांगू’ म्हणत पैसे काढले तर खंडणीचं ३०८. दोन्ही दखलपात्र.

ओळखीचा हवालदार गावचाच असेल आणि बोभाट्याची भीती असेल तर झीरो एफआयआर कोणत्याही ठाण्यात देता येतो. घेतलाच नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा: अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोस. रजिस्टर टपालाची पावती जपा. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर १५१००.

उत्साही मदतनीसांसाठी आणखी एक गोष्ट. न्याय संहितेचं कलम १९६ गटागटांत वैर पसरवण्याबद्दल आहे. त्यात धर्म, जन्मस्थान, निवास, भाषा यांची नावं आहेत. लैंगिक कल नाही. म्हणजे समलिंगी मुलाच्या बाजूने उभं राहून ‘या परप्रांतीयांना बंदरावरून हाकला’ अशी पोस्ट टाकणारा स्वतःच आरोपी होऊ शकतो, तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा.

वाळीत टाकणं

कोकणात हात उगारण्यापेक्षा दार बंद करणं जास्त चालतं. शिमग्यात पालखी शेजारच्या दोन्ही घरी जाते आणि मधलं घर सुटतं. भजनाला बोलावणं नसतं. मयताला खांद्याला कोणी येत नाही. गावकीच्या ग्रुपमधून नंबर निघतो. इथे बाहेरच्या माणसाचा काडीचा संबंध नसतो, सगळे भावकीतलेच. चाकरमानी गणपतीला आला की त्याच्यापर्यंतही ‘त्या घरी जाऊ नको’ हे पोचतं.

यासाठी महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आहे, तो जुलै २०१७ पासून लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बहिष्काराचे प्रकार मोजताना या कायद्याने नैतिकता, राजकीय कल यांच्या जोडीने लैंगिकतेवरून केलेला भेदभावही धरला आहे, आणि हे अनेक वकिलांनाही आठवून द्यावं लागतं. पुरावा म्हणून पालखीच्या घरांची यादी, गावकीने मागितलेल्या दंडाची पावती, ग्रुपमधून काढल्याचा स्क्रीनशॉट, बैठकीची तारीख आणि हजर माणसांची नावं ठेवा. हा कायदा एकाच जातीच्या वा धर्माच्या समाजातल्या बहिष्काराला लागतो. होडीवरून हाकललेल्या समलिंगी खलाशाला तो उपयोगी नाही. असे खलाशीही असतात, हे ‘ते विरुद्ध आपण’ असं बोलताना कोणाच्या लक्षात येत नाही.

ज्याने केलं तो खरंच बाहेरचा असेल तर

जमाव घेऊन जेटीवर जाऊ नका. तांडेल (होडीचा प्रमुख) आणि मालक या दोघांशी बोला, त्या एका माणसाबद्दल. मालकाचा पहिला विचार ‘पगार कापतो नाहीतर पाठवून देतो’ हा असतो. खलाशी बहुतेकदा उचल (आगाऊ पैसे) घेऊन आलेला असतो, मधल्या हंगामात हाकलला तर कर्जात जातो, आणि पुढे कोणीही कोणाविरुद्ध साक्ष देत नाही. म्हणून कागदावर दोन रकाने आखा: हेच स्थानिक पोराने केलं असतं तर काय केलं असतं, आणि आता काय करतो आहोत. एकात ‘समज दिली’ आणि दुसऱ्यात ‘गाडीत बसवलं’ असेल तर कुठलातरी एक रकाना चुकलाय. गुन्हा असेल तर दोघांवरही तक्रार, नसेल तर दोघांनाही समज.

नियम हंगामाच्या सुरुवातीला सांगितलेला बरा: होड्यांवर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, बागेत राखणदार आल्या दिवशी. सगळ्यांना एकत्र बसवून, स्थानिकांसकट. भाषण नको. “यहाँ किसी को बायल्या, छक्का बोलके नहीं छेड़ने का. मराठी हो या बाहर का, शिकायत होगी.” तांडेलाने म्हटलं तर ऐकलं जातं, बाहेरून आलेल्या ताईंनी म्हटलं तर हसतात.

‘त्यांच्याकडे असलं चालत नाही, मागास लोक’ असं कोणी म्हणाला तर नेपाळचं उदाहरण द्या. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच लैंगिक अल्पसंख्याकांना समान हक्क द्यायला सांगितलं, २०१५ च्या संविधानात त्यांचा उल्लेख आहे, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये लमजुंग जिल्ह्यात अशा जोडप्याचं लग्न नोंदवलं गेलं. आपल्याकडे त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा हक्क मान्य केला नाही. आणि ‘हे बाहेरून आलं’ म्हणणाऱ्यांना दशावतारातली राणी किंवा नमनातली गौळण आठवून देता येईल, पण जपून. स्त्रीपार्टी नट समलिंगी असतो असं त्यातून निघत नाही. एवढंच विचारायचं की रंगमंचावरच्या ज्या चालण्याला टाळ्या पडतात, तेच चालणं तिठ्यावर दिसलं की दगड का उचलता.

लहान मुलांचा विषय मध्ये आला की तो लगेच वेगळा काढा. अठरा वर्षांखालच्या मुलावर अत्याचाराचा संशय असेल तर पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, १०९८ किंवा ११२ लावा. करणारा समलिंगी, विवाहित, गावचा, परका, काहीही असो. संशय नसताना ‘पोरांना बिघडवतात’ एवढंच चाललं असेल तर तारीख आणि नाव विचारा. बहुतेक वेळा तिथेच बोलणं संपतं.

कॉलेजात काम सोपं आहे. रॅगिंगविरोधी नियमांतल्या यूजीसीच्या २०१६ च्या दुरुस्तीत लैंगिक कल, प्रांत, भाषा आणि जन्मस्थान हे सगळं एकाच व्याख्येत आहे. तक्रार १८००-१८०-५५२२ वर.

साक्षीदार गावी जायच्या आत

१ जूनपासून मासेमारी बंद होते आणि त्याच्या आगेमागे खलाशी घरी जातात. हंगामातली केस असेल तर साक्षीदाराचा जबाब ३१ मेच्या आत व्हायला हवा. तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज देऊन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवायला सांगा, हिंदीत बोलणार असेल तर तसं अर्जातच लिहा. त्याचा पत्ता ‘नेपाळ’ एवढाच नको: जिल्हा, पालिका, वॉर्ड नंबर, बापाचं नाव. फोन नंबर दोन घ्या, एक इथला आणि एक घरचा. इथलं सिम पावसाळ्यात बंद पडतं.